फुटलं की फोडलं?

मराठीत कप आपोआप फुटतो. काच तडकते, दोरी तुटते, पेन्सिलीचं टोक मोडतं, फुलदाणी पडते. आपल्याच हातून घडलेलं असलं तरी सांगताना कप फुटलेलाच असतो. ‘मी फोडला’ म्हणायला अंगात धैर्य हवं, नाहीतर समोर साक्षीदार तरी. बोलायला लागलेलं मूल हे व्याकरण फार लवकर उचलतं. ‘तो चिमणी’ आणि ‘ती कावळा’ असा सावळागोंधळ चालू असतो, पण ‘फुटलं’ आणि ‘फोडलं’ यांत त्याची कधी गल्लत होत नाही. एका शब्दानंतर केरसुणी येते, दुसऱ्यानंतर ओरडा बसतो.

व्याकरणाच्या तासाला यांना अकर्मक आणि सकर्मक म्हणायला शिकवलं होतं. तुटणं-तोडणं, पडणं-पाडणं, जळणं-जाळणं. ‘मोडणं’ तर इतकं धूर्त क्रियापद आहे की ते दोन्ही घरी जेवतं. ‘खुर्ची मोडली’ एवढंच वाक्य कानावर पडलं, तर ती मोडली की कुणी मोडली, हे सांगणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघूनच ठरवावं लागतं.

गेली काही वर्षं मी जे ऐकते आणि ज्याबद्दल वाचत असते, त्याच्यामुळे या जोड्या डोक्यात घोळत राहिल्या आहेत. त्याला नॉइज म्युझिक म्हणतात: सूर-तालाऐवजी खरखर, किंचाळ्या, आदळआपट यांचंच केलेलं संगीत. मराठी शब्द शोधून पाहिला. ‘गोंगाट’ म्हटलं की त्यात माणसं आली, ‘कल्लोळ’ म्हटलं की मुळातली लाट आली आणि लाटेला एक लय असते, ‘खडखडाट’ म्हटलं की तिजोरीच आठवते. तेव्हा नॉइजच बरं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हेडफोनची वायर हलवून पाहिली होती, हे कबूल करून टाकते.

पण या जोड्यांचा खरा घोळ सुरू झाला तो एका कार्यक्रमाची हकिगत वाचून. ऑगस्ट १९८५, टोकियो, सुपरलॉफ्ट नावाची जागा. हानाताराश या ओसाकाच्या मंडळींचा प्रयोग. आत सोडण्याआधी प्रेक्षकांकडून कागद भरून घेतले: इजा झाली तर दावा लावणार नाही. मग यामान्ताका आय नावाचा एकविशीच्या आसपासचा तरुण खोदाईचं यंत्र चालवत हॉलची भिंतदारं फोडत आत आला. लिहिणारे त्याला बुलडोझर म्हणतात. फोटोंत मात्र पुढे लांब दांडा आणि पंजा दिसतो. आपण ज्याला सरसकट जेसीबी म्हणून मोकळे होतो, तसलं काहीतरी. शेवटी गडी पेटती बाटली फेकण्याच्या बेतात असताना कार्यक्रम आवरता घेण्यात आला. दुरुस्तीचा खर्च ६,००,००० येन आला, असं नेहमी सांगितलं जातं. त्यानंतर बरीच वर्षं बहुतेक जागांनी त्यांना दार बंद केलं. उरलं होतं ते दार, म्हणजे.

हानाताराश हा शब्द ‘हानाताराशी’वरून आला. अर्थ: ज्याचं नाक गळतं तो. थोडक्यात, शेंबडा. आणि यामान्ताका म्हणजे आपला यमान्तक, यमाचाही अंत करणारी बौद्ध देवता. शेंबड्यांच्या टोळीचा म्होरक्या यमान्तक! नावं ठेवण्यातली ही खोड मला त्या जेसीबीपेक्षा जास्त आवडली. सगळंच आवडलं असं नाही. मेलेल्या मांजरीचे रंगमंचावर कोयत्याने दोन तुकडे केल्याची त्यांचीच एक हकिगत आहे. ती वाचल्यावर मी कितीतरी दिवस त्यांच्या वाटेला गेले नव्हते. मांजर आधीच मेलेली होती, हा युक्तिवाद मला कळतो. पटत नाही.

प्रेक्षकांनी भरून दिलेल्या त्या कागदावर मात्र मी अडकून पडले. तो मी पाहिलेला नाही, पण असल्या कागदांची भाषा सगळीकडे एकाच साच्यातून निघते. ‘इजा झाल्यास’, ‘नुकसान झाल्यास’, ‘काही बरंवाईट घडल्यास’. इजा कुणी करत नाही, ती होते. म्हणजे ज्या संध्याकाळी एक माणूस लोखंडी पंजा घेऊन भिंत फोडणार आहे, त्या संध्याकाळच्या दारात बसलेल्या कागदावर सगळी क्रियापदं अकर्मक. इतका उघडपणे फोडणारा माणूस, आणि त्याच्या खिशातही ‘फुटलं’ची पावती.

पुढे त्याने १९८६ मध्ये बोअरडम्स नावाचा बँड काढला आणि २००७ मध्ये, ७ जुलैला, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या नदीकाठच्या एका बागेत ७७ ड्रमवादक गोलाकार बसवून संध्याकाळी ७ वाजून ७ मिनिटांनी एक प्रयोग सुरू केला. तिथे काही मोडलं नाही. काठ्या पडल्या, एवढंच.

त्याच्या जुन्या हानाताराशच्या ध्वनिमुद्रणांत मात्र एक गंमत आहे, आणि ती कळायला मला बराच वेळ लागला. काहीतरी आदळतंय, घासतंय, कर्कश ओरडतंय, हे ऐकू येतं. पण काय? लोखंडी पत्रा, ड्रिल, बिघडलेला अँप्लिफायर, माणसाचा घसा? कितीही कान लावला तरी ती वस्तू पडली, फुटली, की कुणी फोडली, हे सांगता येत नाही. कपाटावरून घसरलेलं पातेलं आणि रागाने आपटलेलं पातेलं यांचा आवाज सारखाच. कानाला कर्ता ऐकू येत नाही. म्हणून शेजारच्या खोलीत काही वाजलं की आपण ‘कोण?’ म्हणत नाही, आधी ‘काय?’ विचारतो. जेसीबीला रंगमंच लागला तो त्यामुळेच, असं मला वाटतं. नुसत्या कॅसेटवर तो जेसीबी आहे हे कुणाला कळणार होतं?

फुटण्यापासून फोडण्यापर्यंतचा प्रवास एकाच संध्याकाळी झालेला बघायचा असेल तर ‘द हू’ या इंग्रज रॉक बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड याची गोष्ट आहे. १९६४, लंडनजवळच्या हॅरोमधलं रेल्वे हॉटेल. छत बुटकं. गिटार उंचावताना तिचं डोकं छताला लागलं आणि ते मोडलं. लोक हसले. मग याने ती उरलेली गिटार आपटून आपटून फोडली, जणू आधीचंही मुद्दामच होतं. पुढे लोक ते बघायलाच येऊ लागले आणि गिटारी फोडणं हा त्या बँडचा रतीब होऊन बसला. मला त्यातला तो पहिला क्षण फार ओळखीचा वाटतो. चुकून काही फुटलं आणि चारचौघांत हसं झालं, की माणूस दोनच गोष्टी करू शकतो. ‘फुटलं’ म्हणून मान खाली घालायची, नाहीतर ‘फोडलं!’ म्हणून छाती पुढे काढायची.

हा टाउनशेंड कलाशाळेत शिकत असताना तिथे एक गृहस्थ व्याख्यान देऊन गेले होते. त्यांच्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण या सगळ्या आदळआपटीत मला जवळचा वाटतो तो हा एकच माणूस.

गुस्ताव मेट्झगर. जन्म १९२६, न्यूरेंबर्ग, पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबात. मुलांना जर्मनीतून बाहेर काढणाऱ्या मोहिमेतून १९३९ मध्ये तो भावासोबत इंग्लंडला पोचला. आईवडील मागे राहिले आणि नाझींनी त्यांना मारलं. १९५९ मध्ये त्याने एक जाहीरनामा काढला आणि एका नव्या कलाप्रकाराला नाव दिलं: ऑटो-डिस्ट्रक्टिव्ह आर्ट. त्या नावाचं मराठी करायचं तर ‘आत्मनाशी कला’ म्हणावं लागेल, पण ते फारच कीर्तनी वाटतं. त्याचं म्हणणं साधं होतं. कलाकृतीने स्वतःच मोडलं पाहिजे. तिचं आयुष्य काही क्षणांपासून २० वर्षांपर्यंत कितीही असेल, आणि मग ती जागेवरून हलवून भंगारात टाकायची. कलाकार फोडणार नाही, वस्तू फुटेल. शाळेतल्या त्या अकर्मक-सकर्मकच्या दोन रकान्यांपैकी तो ठरवून पहिल्या रकान्यात जाऊन उभा राहिला.

३ जुलै १९६१ ला लंडनमध्ये, थेम्सच्या दक्षिण काठावर त्याने हे करून दाखवलं. एकामागे एक ताणून बसवलेले नायलॉनचे तीन पडदे: पांढरा, काळा, लाल. तोंडावर गॅस मास्क, हातात हायड्रोक्लोरिक आम्ल. ते त्याने नायलॉनवर लावलं, उडवलं, फवारलं. आम्ल लागलं की १५ सेकंदांत नायलॉन विरघळू लागतं. भोकं पडत गेली, कडा आक्रसत गेल्या, एका रंगातून दुसरा दिसू लागला, आणि शेवटी पडद्यांच्या पलीकडे, नदीपार, सेंट पॉल्स चर्चचा घुमट. या सगळ्याला आवाज किती? जवळजवळ नाहीच. नॉइजच्या घराण्यातला हा एक मूळ पुरुष, आणि त्याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग जवळपास मुका.

तेव्हा लोक विचारत, आम्ल तर तूच फेकलंस ना? मग आपोआप कसलं? प्रश्न बिनतोड आहे. मला वाटतं त्यालाही तो छळत असणार. तो अण्वस्त्रांविरुद्ध रस्त्यावर बसणाऱ्यांतला होता, तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलच्या गटातला, आणि त्याच वर्षी त्यापायी तुरुंगातही जाऊन आला. ज्यांनी जग खरोखर फोडलं होतं ते कसं बोलतात, हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं. शहरं ‘पडतात’, युद्ध ‘पेटतं’, माणसं ‘जातात’. आपणही हिरोशिमावर बॉम्ब पडला असं सहज म्हणून जातो, झाडावरून आंबा पडावा तसं. अशा जगात हातात आम्ल घेऊन, तोंडाला मुखवटा लावून, भर दिवसा उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर दाखवायचं की बघा, हा हात आहे, हे आम्ल आहे, आणि आता हे कापड विरतंय. कर्त्याला क्रियापदापाशी परत आणून उभं करायचं. मी तरी ते असं वाचते. तो फुटण्याबद्दल बोलत राहिला आणि करून मात्र फोडणं दाखवलं. हा विरोध त्याने कधी सोडवला असं मला दिसत नाही. सोडवला असता तर कदाचित माझा त्याच्यातला रस संपला असता.

१९६६ च्या सप्टेंबरात त्याने लंडनमध्ये ‘कलेतला विध्वंस’ या विषयावर परिसंवाद भरवला. तिथे रफाएल मोंतान्येझ ऑर्टिझ या अमेरिकन कलावंताने पियानो फोडले. संगीतवाले म्हणाले कला, कलावाले म्हणाले संगीत.

आणि मग २००४. लंडनच्या टेट ब्रिटन कलादालनात साठच्या दशकावरचं प्रदर्शन होतं, त्यात मेट्झगरच्या १९६० मधल्या पहिल्या प्रात्यक्षिकाची पुनर्मांडणी. त्या मांडणीचा भाग म्हणून कागदपुठ्ठ्यांनी भरलेली एक पारदर्शक कचऱ्याची पिशवी ठेवलेली होती. सफाई कर्मचाऱ्याने ती उचलून टाकून दिली. नंतर सापडली, पण चेंगरलेली, म्हणून मेट्झगरने नवी पिशवी भरून दिली. ही बातमी जगभर ‘अडाणी सफाईवाला आणि महान कला’ अशा चालीवर छापली गेली, तिचा मला अजून राग येतो. भंगारात टाका असं जाहीरनाम्यातच लिहून ठेवणाऱ्या कलाकाराची कलाकृती एका माणसाने भंगारात टाकली. त्या इमारतीत त्याचं म्हणणं अमलात आणणारा तो एकटाच निघाला! मोडतोडीच्या इतिहासात शेवटी झाडू कुणी मारला, हे कुणी लिहीत नाही. इथे निदान एकदा तो माणूस दिसला, नाव नसलेला का असेना.

झाँ तँग्ली या स्विस शिल्पकाराचं उलट झालं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत मार्च १९६० मध्ये त्याने भंगारातून उभारलेलं अवाढव्य यंत्र स्वतःला मोडून दाखवणार होतं. सायकलची चाकं, पियानो, न्हाणीचा टब, हवामानखात्याचा फुगा. यंत्राने सुमारे २७ मिनिटं धडपड केली, आग लागली, ठरलेलं काही झालं, काही झालं नाही, आणि अखेर अग्निशमनवाल्याला मध्ये पडावं लागलं. यंत्राला मरायचंही नीट जमेना. माणसांनी बनवलं होतं ना.

बर्लिनच्या एका बँडचं नावच ‘कोसळत्या नव्या इमारती’ असं आहे: आइन्स्ट्युर्झेंडे नॉयबाउटन. कोसळत्या, पाडलेल्या नव्हेत. त्यातली काही मंडळी आणि त्यांचे इंग्रज मित्र ३ जानेवारी १९८४ ला लंडनच्या समकालीन कला संस्थेत, म्हणजे आयसीएमध्ये, काँक्रीट मिक्सर, ड्रिल आणि यांत्रिक करवती घेऊन रंगमंचावर आले आणि रंगमंचच खोदू लागले. खालच्या बोगद्यांपर्यंत पोचायचा बेत होता अशी वदंता आहे, आणि बोगदे थेट राजवाड्याकडे जातात अशी पुढची वदंता. अर्ध्या तासाच्या आत संस्थेने वीज तोडली, मग प्रेक्षक चवताळले आणि उरलेलं काम त्यांनी हाती घेतलं. खरी मौज पुढेच आहे. २००७ मध्ये जो मिचेल या कलावतीने त्याच संस्थेत तो प्रसंग पुन्हा उभा केला. नट नेमून, तालमी घेऊन. चवताळलेले प्रेक्षकसुद्धा ठरवलेले. गोंधळाचीही संहिता झाली. कुणी कितव्या मिनिटाला खुर्ची उचलायची, हे पाठ करणाऱ्या नटाची मला कीव येते आणि हेवाही वाटतो. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी फोडण्याचं काम नेमून दिलं गेलं असेल आणि फुटलं असं म्हणायची सोयच उरली नसेल.

जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये कुर्ट श्विटर्स नावाच्या कलावंताने आपल्या घरात वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तू, लाकूड, प्लास्टर जोडत एक गुहेसारखी वास्तू वाढवत नेली होती. तिचं नाव मेर्त्सबाउ. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात ती गेली. (हे ‘गेली’ही बघा.) टोकियोच्या मासामी आकिताने १९७९ मध्ये काम सुरू केलं, तेव्हा तिच्यावरून आपलं नाव घेतलं: मर्झबो. त्याची ध्वनिमुद्रणं किती आहेत याचा हिशोब ठेवणं हा एक वेगळाच छंद आहे. २००० साली नुसता एक संच निघाला तोच ५० सीडींचा. ऐकताना वाटतं, कुणीतरी एक शहर दळतंय. आणि हा माणूस प्राण्यांच्या हक्कांसाठी बोलतो, पूर्ण शाकाहारी आहे, दूधसुद्धा घेत नाही. त्या कोयत्याच्या हकिगतीनंतर मला नॉइजकडे परत आणलं ते यानेच. इन्कपॅसिटंट्स नावाची जोडी तर आणखी विलक्षण: एकजण बँकेत नोकरीला होता, दुसरा सरकारी कचेरीत. सुट्टीच्या दिवशी दोघं टेबलावर यंत्रं मांडत आणि घामाघूम होऊन अंगात आल्यासारखे थरथरत.

ही मंडळी फारसं काही फोडत नाहीत. त्यांच्या हाताशी असतो फीडबॅक. सभेत माइक स्पीकरसमोर गेला की ‘कुईं’ करून शिट्टी मारतो, तोच. माइकमध्ये शिरलेला आवाज मोठा होऊन स्पीकरातून येतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो, आणखी मोठा होतो. ज्या कंपनसंख्येला हा फेरा नेमका जुळतो तीच फुगत जाते, यंत्राची ताकद संपेपर्यंत. मूळ आवाज कुणी दिला? कुणीच नाही. खोलीतली बारीकशी खुडखुड पुरते. जपानच्याच तोशिमारू नाकामुराने तर माइकही काढून टाकला. आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरचं बाहेर जाणारं टोक त्याच मिक्सरच्या आत येणाऱ्या भोकात खुपसायचं, बस्स. मिक्सर स्वतःलाच ऐकत राहतो. हे वाजणं आहे, वाजवणं नव्हे. वादक फक्त बटणं फिरवून त्याला वाट देतो. फुटणं कितीही जोरदार असलं तरी क्षणात संपतं, हे फोडणाऱ्यांचं सगळ्यात मोठं दुखणं असतं. नाम जून पाइक या कोरियन कलावंताने १९६२ मध्ये ड्युसेलडॉर्फला त्यावर उलटा तोडगा काढला होता: व्हायोलिन दोन्ही हातांत धरून इतकं सावकाश, इतकं सावकाश वर नेलं की कित्येक मिनिटं नुसती शांतता, आणि मग एकच तडाखा. फीडबॅकवाल्यांनी तो तडाखाच ताणून तासभर लांबवला, असं मी समजते.

इथे एक गद्य सूचना. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालतो, असं कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेत सुचवलेलं प्रमाण आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. नॉइजचे प्रयोग याच्याही वर सहज जातात. दारात बोळे फुकट वाटत असतात, ते घ्यावेत. मी एकदा घेतले नव्हते, मानी होते. दोन दिवस कानांना दडे बसले होते आणि रात्री उशीवर एक बारीक शिट्टी वाजत होती. कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. त्या प्रयोगाबद्दल विचारलं की मी ‘कान गेले होते’ असंच सांगत आले आहे. घालवले होते.

तर आता संगीतकार ॲनिया लॉकवुड. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली, लंडनला आलेली. १९६८ मध्ये थेम्सच्या काठी चेल्सीत तिने पियानो जाळला. त्यासाठी तिने लिहिलेल्या सूचना मला तोंडपाठ झाल्यासारख्या आहेत, इतक्या त्या पाककृतीसारख्या सरळ आहेत. उभा पियानो घ्या, आडवा मोठा नको. मोकळ्या जागेत ठेवा. कागदाच्या सुरळीवर थोडं लायटरचं इंधन शिंपडून ती पायपट्ट्यांजवळ आत ठेवा. पेटवा. जमेल तितका वेळ, वाटेल ते वाजवा. ध्वनिमुद्रण करायचं तर माइक ॲस्बेस्टॉसमध्ये गुंडाळा. आणि एक अट: पियानो दुरुस्तीपलीकडे गेलेलाच हवा. त्या अटीवर माझा फार जीव आहे. चांगलं वाद्य ती फोडत नाही. जे मोडलेलंच आहे त्याला एक काडी लावते, आणि पुढचं सगळं अकर्मक. वार्निश फुगतं, लाकूड तडकतं, तारा तापून एकेक तुटत जातात, प्रत्येकीचा स्वर वेगळा. जाळते ती क्षणभर, मग पियानो तासन् तास जळतो. दोन्ही क्रियापदं शेजारी शेजारी, एकमेकांची अडचण न होता.

तिच्या या अटीला स्मरून मीही एकदा हात चालवून पाहिला. घरात एक टेपरेकॉर्डर होता, बरीच वर्षं मुका. दुरुस्ती करणाऱ्याने मोटर जळली आहे, आता सुटे भाग मिळत नाहीत, असं सांगून हात टेकले होते. म्हणजे अट पुरी झाली. एका दुपारी मी जुनी चादर जमिनीवर अंथरली, डोळ्यांवर चष्मा चढवला, हातोडा घेतला. टेपरेकॉर्डरच्या पोटाला कॉन्टॅक्ट माइक चिकटवला. हा माइक मीच केलेला: बझरमध्ये असते तसली पिझोची पितळी चकती, तिला वायरीचे दोन टाके. ज्या वस्तूला चिकटवाल तिच्या अंगातलीच कंपनं तो ऐकतो. हवेतलं त्याला जवळजवळ ऐकू येत नाही. म्हणून खोलीच्या आवाजासाठी फोन वेगळा टेबलावर चालू ठेवला.

मनात कुठेतरी सुपरलॉफ्ट होतं, हे लपवत नाही.

पहिला घाव: ठप्. प्लास्टिक नुसतंच दबलं. दुसऱ्याला झाकण उडालं आणि आतली एक स्प्रिंग कुठेतरी टणकन जाऊन पडली, ती मला अजून सापडलेली नाही. तिसरा मी चिडून घातला, खांद्यातून. अंग दोन तुकड्यांत उघडलं आणि टेपचं मुंडकं बाहेर लोंबायला लागलं.

रात्री संगणकावर दोन्ही फायली उघडल्या. कॉन्टॅक्ट माइकची पातळी मी फार वर ठेवली होती. तिन्ही घावांच्या लहरी वरून खालून कात्रीने कापल्यासारख्या सपाट, तिघींची उंची तंतोतंत सारखी. हलका घाव, मधला घाव, रागाचा घाव, काही फरक नाही. ऐकलं तरी तेच, तीन एकसारखे चपटे फटाके. कानाला कर्ता ऐकू येत नाही हे मला ठाऊक होतं, पण राग किती होता तेही पुसलं जाईल असं वाटलं नव्हतं.

फोनच्या फायलीत मात्र तिसऱ्या घावानंतर काही सेकंद शांत आहेत. मग जिन्यातून, लांबून, वरच्या मजल्यावरच्या काकूंचा आवाज येतो.

“काय पडलं गं?”

“काही नाही काकू. टेपरेकॉर्डर पडला.”

“फुटला का?”

“हो, फुटला.”

“बघ हं, पायात तुकडे जातील. चपला घाल.”

चौथा घाव त्याच्यानंतरचा आहे. चौघांतला तो एकटाच सपाट झालेला नाही.